कारखाना सभासदांचा, काम हक्काचं: लोकशाहीत समाजवादाचं आज काय करायचं?

येरळाकाठ (विटा)

नमस्कार मंडळी. राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘समाजवादी’ राहावं की जावं यावर इथं मागं बरंच रणकंदन झालं. २५ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, तेव्हा त्यात आता पडत नाही. मला प्रत्यक्ष व्यवहारावर बोलायचंय. जिथं मत देऊन सरकार बदलता येतं, कोर्टात जाता येतं, पेपरात लिहिता येतं, अशा देशात समाजवादी धोरणांनी सामान्य माणसाचं भलं झालं का नुकसान? हे तपासायला मॉस्कोपर्यंत जायची गरज नाही. जुन्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, यातले बरेचसे प्रयोग होऊन गेलेत.

रोजगार हमीचंच घ्या. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ च्या सुमारास वि. स. पागे यांनी हा प्रयोग करून पाहिला. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. जो अंगमेहनतीला तयार आहे त्याला सरकारनं काम द्यायचं, आणि त्या कामातून गावासाठी काहीतरी उभं राहिलं पाहिजे, एवढीच कल्पना. पुढं ७२ चा दुष्काळ पडला. खडी फोडून, नालाबांध घालून, पाझर तलाव खोदून लाखो माणसं जगली, मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन. त्या अनुभवातून १९७७ चा कायदा आला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी केल्यावर पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर बेकार भत्ता, बाईला आणि पुरुषाला दर एकच. २००५ चा केंद्राचा कायदा करताना हाच नमुना समोर होता.

पैसा कुठनं आला ते जास्त महत्त्वाचं. त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर लावला. नोकरदारांनो, पगाराच्या स्लिपवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात ना, तोच हा कर. वर्षाला २५०० रुपये. शहरातल्या पगारदारानं दुष्काळी गावातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, असं एका राज्यानं कायदा करून ठरवलं. कुणाची जमीन काढून घेतली नाही, कुणाला तुरुंगात घातलं नाही. लोकशाही समाजवाद म्हणजे काय असं मला विचारलं तर मी हे दाखवीन.

दुसरं उदाहरण सहकाराचं. ऊस ज्याचा त्याचाच कारखाना. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडींनी हुतात्मा किसन अहिर कारखाना काढला, तो कमी खर्चात चालवायचा आणि वाचलेला पैसा उसाच्या दरात द्यायचा, ही त्याची ओळख झाली. शेजारच्यांना दर जाहीर करताना वाळव्याकडं बघावं लागायचं. पण त्याच पद्धतीचे, त्याच कायद्याखालचे कितीतरी कारखाने कर्जात बुडाले, लिलावात गेले, भाड्यानं दिले गेले. आज राज्यात गाळप करणाऱ्यांत जवळपास निम्मे कारखाने खासगी आहेत.

कायदा एक, पीक एक, नदी एक, मग निकाल वेगळा का? मला वाटतं, मालक कोण हा प्रश्न आपण फार ताणतो. कारभाऱ्याला जाब विचारता येतो का आणि वेळ आली तर त्याला घरी बसवता येतं का, यावर सगळं ठरतं. मी सभासद असलेल्या एका कारखान्याच्या वार्षिक सभेचं सांगतो. नाव घेत नाही. जाडजूड अहवाल सभेच्या मंडपात शिरताना हातात पडतो. विषय पुरता वाचून व्हायच्या आत मागच्या रांगांतून “मंजूर, मंजूर” सुरू होतं. प्रश्न विचारायला उभं राहिलं की माइक दुसऱ्या बाजूला जातो. तोडणी-वाहतुकीचा खर्च टनामागं एवढा कसा वाढला, हा साधा प्रश्न मला तिथं पुरा विचारता आला नाही. कागदावर मालक मी, पण हिशेब मात्र मला दिसत नाही.

तुमची मतं हवीत. विरोधी असतील तर जास्तच हवीत.

हळदपेठ (सांगली)

धागा चांगला. मी पूर्ण विरोधात आहे, तर सविस्तर लिहितो.

जाब विचारायचा हक्क म्हणता तुम्ही. मला जाब विचारायचाच नाही. मला एक दुकान पटलं नाही तर दुसऱ्या दुकानात जाता आलं पाहिजे. शेतकऱ्याला सभेत हात वर करण्यापेक्षा ऊस दुसऱ्याला घालता आला की त्याची ताकद शंभरपट होते. आणि नेमकं तेच समाजवादानं रोखून धरलं होतं. झोनबंदी आठवते का? ठरवून दिलेल्या कारखान्यालाच ऊस घालायचा, तो दर देवो न देवो. शेतकरी संघटनेला आणि शरद जोशींना त्यासाठी रस्त्यावर यावं लागलं. लेव्ही साखर, म्हणजे कारखान्यानं सरकारला कमी दरात द्यायचा वाटा, २०१३ पर्यंत चालू होती. आजही दोन कारखान्यांत २५ किलोमीटरचं अंतर लागतं. उसाचा दर दिल्ली ठरवते, २०२५-२६ ला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये. साखरेचा किमान विक्री दर दिल्ली ठरवते, तो २०१९ साली किलोला ३१ रुपये केला. निर्यात किती करायची, इथेनॉलकडं किती वळवायचं, तेही दिल्लीच. मग कारखाना बुडाला की दोष संचालकाला.

याउलट आमची हळद बघा. सरकारी खरेदी नाही, हमीभाव नाही. निजामाबादची, कर्नाटकातली हळद सांगलीत येते, कारण इथं चार खरेदीदार जास्त आहेत आणि पैसे वेळेवर मिळतात. पूर्वी हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद ठेवून तिच्या पावतीवर उचल देणारी ही पेठ कुठल्या पंचवार्षिक योजनेनं उभी केली नाही.

आणखी एक. १९७३-७४ ला आयकराचा वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याला. कोण कमवील? घर बांधायला सिमेंटचं परमिट, स्कूटरला वर्षानुवर्षं नंबर. हे सगळं निवडून आलेल्या सरकारांनीच केलं, मतं मिळवून केलं. लोकशाही असली म्हणून धोरण शहाणं होत नाही. खुद्द डॉ. आंबेडकरांनी १५ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत के. टी. शहांची ‘समाजवादी’ घालायची दुरुस्ती नाकारली. समाजाची आर्थिक घडी कशी असावी ते त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावं, घटनेनं त्यांचे हात बांधू नयेत, हा त्यांचा मुद्दा होता.

चंदनवंदन (सातारा)

हळदपेठ, बाबासाहेबांचं अर्धंच सांगितलंत. त्याच भाषणात त्यांनी हेही सांगितलं की मार्गदर्शक तत्त्वांमध्ये समाजवादी दिशेच्या तरतुदी आधीच आहेत. समान कामाला समान वेतन, संपत्ती थोड्या हातांत साचू नये, हे अनुच्छेद ३९ मध्ये आहे. त्यांचा विरोध एकच साचा कायमचा लादायला होता.

मी रयत शिक्षण संस्थेत आयुष्य काढले, म्हणून शाळेचे सांगतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले येथे संस्था काढली, १९२४ ला ती साताऱ्यात आली. सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत, एकत्र राहत आणि अंगमेहनत करून शिकत. यात सरकार कुठे होते? सुरुवातीला नव्हतेच. लोकांनी धान्य दिले, जागा दिल्या, बायकांनी दागिने दिले. पुढे अनुदान आले आणि १९४८ साली, कर्मवीरांच्या एका वक्तव्यावर नाराज होऊन, तेव्हाच्या राज्य सरकारने ते बंद केले. शेकडो शाळांचा श्वास एका सरकारी आदेशावर टांगला गेला. अनुदान नंतर सुरू झाले, पण मधल्या काळात संस्था तगली ती लोकवर्गणीवर.

म्हणून येरळाकाठ यांच्या मुद्द्याला मी जोड देतो. सरकारचा पैसा पाहिजेच. त्याशिवाय डोंगरातल्या गावात माध्यमिक शाळा चालत नाही, माण-खटावमधल्या मुलीची फी कोणता बाजार भरणार? पण पैसा देणाऱ्याच्या हातात किल्ली राहू नये. यशवंतराव चव्हाणांच्या काळात वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांच्या मुलांना फी माफ झाली. त्या एका निर्णयाने या दोन जिल्ह्यांतली पहिली पदवीधर पिढी उभी केली. माझे अनेक विद्यार्थी त्यातले.

हळदपेठ (सांगली)

सर, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण १९८३ सालही सांगा. विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी. सांगलीचा जेल फोडणारा स्वातंत्र्यसैनिक, सहकाराचा खंदा पुरस्कर्ता, त्यांनाच कळलं की सरकारला सगळ्यांना पुरेल एवढी कॉलेजं काढणं झेपणार नाही. त्याआधी आपली पोरं देणगी भरून कर्नाटकात जात होती.

चंदनवंदन (सातारा)

बरोबर आहे, आणि जागा वाढल्या हेही खरे. पण चारच वर्षांत, १९८७ ला, याच राज्याला देणगीबंदीचा कायदा करावा लागला. दार उघडले, पण उंबऱ्यावर वसुलीला माणूस बसला. त्या दाराने शेतमजुराचा मुलगा किती आत गेला, ते फी-सवलती आल्यानंतरच मोजता येते.

कोयनाखोरे (पाटण, सध्या नवी मुंबई)

हा धागा वाचून राहवलं नाही. सहकार, शाळा, रोजगार हमी सगळं चांगलं बोलताय. सरकारी मालकीचा सर्वांत मोठा प्रकल्प आमच्या उरावर झाला त्याचं कुणी नावच घेत नाही. कोयना. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट. महाराष्ट्राच्या कारखानदारीला वीज मिळाली, हे मी नाकारत नाही. पण धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली आमची गावं गेली. पुनर्वसनाचा कायदा या राज्यात कधी झाला? १९७६ ला. म्हणजे धरण भरून दशक उलटल्यावर. आमच्या घरच्यांना कुठल्या कायद्याखाली उठवलं आणि कुठल्या कायद्याखाली वसवलं, तेच कुणी नीट सांगू शकत नाही. ज्यांना लांब जमिनी दिल्या त्यातले कित्येक परत फिरून डोंगरावर येऊन राहिले. सातबारा, नागरी सुविधा, दाखले यासाठी तिसरी पिढी हेलपाटे घालतेय.

ज्या यंत्रणेनं “राष्ट्रहितासाठी जमीन द्या” सांगितलं, ती आपलीच होती, निवडून दिलेली होती. खासगी मालक असता तर निदान त्याच्याविरुद्ध सरकारकडं जाता आलं असतं. मालकही सरकार आणि पंचही सरकार असेल तर माणसानं जायचं कुठं?

येरळाकाठ (विटा)

कोयनाखोरे, तुमचा शेवटचा प्रश्न माझ्या मते या सगळ्या चर्चेतला सर्वांत अवघड आहे. उत्तर थोडं तरी आहे, ते तुमच्याच माणसांनी शोधलं: संघटना. धरणग्रस्तांनी वर्षानुवर्षं ठिय्या दिला म्हणून पुढच्या धरणांना ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही मागणी टाळता आली नाही. पण त्यासाठी लोकांना जी किंमत मोजावी लागली ती समाजवादाच्या खात्यावरच लिहिली पाहिजे. मी ती लपवणार नाही.

हळदपेठदादा, तुमच्या पेठेचं. खुला लिलाव होतो तो बाजार समितीच्या आवारात. वजनाला कायद्याचं माप. पोती उचलणाऱ्या हमालाला माथाडी कायदा आहे, १९६९ चा. तो मिळवून दिला अण्णासाहेब पाटलांनी, ते आपल्याच पाटण तालुक्यातले. हमालीवर मालकानं भरायची लेव्ही, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, दवाखाना. आज या व्यापाऱ्याकडं, उद्या त्या व्यापाऱ्याकडं काम करणाऱ्या माणसाला म्हातारपणी पैसे मिळायची सोय बाजारानं आपणहून केली नव्हती. तुमच्या पेठेच्या भरवशामागं हेही आहे.

हळदपेठ (सांगली)

माथाडी मंडळाला माझा विरोध नाही. आमचे हमाल आमच्या घरचेच आहेत, लग्नकार्यात येणंजाणं आहे. लेव्ही भरतो आणि भरली पाहिजे असंही म्हणतो. पण एमआयडीसीत जाऊन विचारा. माल स्वतःच्या क्रेननं उतरवला तरी माथाडीच्या नावाखाली पैसे मागायला येणाऱ्या टोळ्या आहेत. खऱ्या हमालासाठी केलेला कायदा खंडणीबहाद्दराच्या हातात पडला. चांगल्या हेतूच्या कायद्याचं हे असं का होतं याचं उत्तर समाजवादी मंडळींनी दिलं पाहिजे. माझं उत्तर असं: जिथं कायद्यानं मक्तेदारी तयार होते तिथं ती कुणीतरी ताब्यात घेतोच.

गोठेनबर्गकर (मूळ वाई)

मी स्वीडनमध्ये राहतो. अशा चर्चेत ‘स्वीडन बघा’ दोन्ही बाजूंनी म्हणतात, म्हणून काही गोष्टी.

इथं कारखाने खासगी आहेत. व्होल्वो सरकारी नाही. वारसा कर २००५ पासून नाही, संपत्ती कर २००७ ला काढला. खासगी शाळेत गेलं तरी सरकार त्या शाळेला मुलामागं पैसे देतं, हे १९९२ पासून. शेजारच्या डेन्मार्कमध्ये कायद्यानं ठरवलेलं किमान वेतनच नाही, युनियन आणि मालक बसून ठरवतात. डेन्मार्कचे पंतप्रधान रासमुसेन २०१५ साली अमेरिकेत जाऊन म्हणाले होते की आमचा देश नियोजित समाजवादी नाही, बाजारावर चालणारा आहे.

ही झाली हळदपेठ यांना आवडणारी बाजू. आता दुसरी. माझ्या पगारातून सुमारे ३० टक्क्यांवर स्थानिक करच जातो. जास्त पगार असेल तर वर केंद्राचा. वस्तू घेताना बहुतेक ठिकाणी २५ टक्के व्हॅट. आणि हे फक्त श्रीमंत भरत नाहीत. बसचा ड्रायव्हर, दुकानातली मुलगी, सगळे भरतात. बदल्यात मूल झालं की दोघांना मिळून ४८० दिवसांची रजा, शाळा-कॉलेजला फी नाही, दवाखान्यात नाममात्र शुल्क. डॉक्टरांच्या रांगा लांब असतात, गुडघ्याच्या ऑपरेशनला महिनोन्‌महिने थांबावं लागतं, यावर लोक चिडतात. पण व्यवस्था मोडा असं कुणी म्हणत नाही, कारण ती प्रत्येकाची आहे.

एक प्रयोग इथंही फसला. १९८४ पासून कंपन्यांच्या नफ्यातून कामगारांच्या निधीसाठी शेअर घ्यायला सुरुवात झाली, हळूहळू मालकी कामगार संघटनांकडं जावी म्हणून. उद्योजक हजारोंच्या संख्येनं रस्त्यावर उतरले. १९९१ ला सरकार बदललं आणि ते निधी गुंडाळले. रक्त सांडलं नाही. मतदानानं आलं, मतदानानं गेलं.

खिल्लार (आटपाडी, नोकरी पुण्यात)

+१. गोठेनबर्गकर यांच्या प्रतिसादातलं “ती प्रत्येकाची आहे” हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

मी हिंजवडीत काम करतो. व्यवसाय कराचे २०० रुपये दर महिन्याला जातात. ऑफिसात कुणालाही विचारा हे कशाचे, कुणाला माहीत नाही. ज्या वर्षी आमच्याकडं चारा छावण्या होत्या, त्या वर्षी आमच्या वाडीवरच्या निम्म्या घरांत रोजगार हमीचा पैसा येत होता. त्या कामातून खोदलेल्या तलावाच्या मातीवर नंतर डाळिंबं लागली. पण माझ्याबरोबरचा पुण्यातला मुलगा म्हणतो, “आमच्या टॅक्सवर फुकटे पोसले जातात.” त्याला त्या पैशातून काही मिळत नाही, त्याला शाळा खासगी, दवाखाना खासगी, पाणी टँकरचं. त्याचा राग मला चुकीचा वाटत नाही. आपण योजना गरिबांपुरत्या केल्या, आणि मध्यमवर्गाला सांगितलं की तुम्ही फक्त भरा. मग त्या योजनांचा दर्जा राखायला भांडणारं कोण उरलं? लाडकी बहीणचे १५०० रुपये महिन्याला थेट खात्यात जातात, चांगलंच आहे, माझ्या चुलतीला औषधाला होतात. पण त्या पैशानं गावातलं आरोग्य उपकेंद्र उघडत नाही.

ओपीडी_मिरज

उपकेंद्राचा विषय निघालाच आहे तर थोडक्यात लिहिते, ड्यूटीवर आहे.

मिरज दवाखान्यांचं गाव. मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ ला मिशन हॉस्पिटल सुरू केलं, १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आता गल्लीगल्लीत खासगी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ऑपरेशन असेल तर रुग्ण वाचतो, कर्ज होत नाही, हे मी रोज बघते. पण योजना आहे ती भरती झालेल्यांसाठी. बीपी, शुगरच्या रोजच्या गोळ्या त्यात नाहीत. त्यामुळं गोळ्या बंद करून अर्धांगाचा झटका आला की मग रुग्ण योजनेत बसतो! ब्रिटननं ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली ती युद्धानं कंगाल झालेला देश असताना, आणि तिचा पाया गल्लीतला डॉक्टर होता. आपण विमा दिला, सेवा दिली नाही. सरकार बिल भरतं, आणि कुठले आजार परवडतात ते हॉस्पिटल ठरवतं. याला बाजारही म्हणता येत नाही, समाजवादही नाही. दोन्हीतला खर्च मात्र आहे.

मला सरकारी डॉक्टर पाहिजेत, भरलेल्या जागा पाहिजेत, औषधाचं कपाट भरलेलं पाहिजे. बाकीचं तुम्ही ठरवा.

हळदपेठ (सांगली)

ताई, आरोग्य आणि प्राथमिक शिक्षण सरकारनंच करावं, यावर माझं दुमत नाही. व्हेनेझुएलासारखं होऊ नये एवढंच. १९९८ ला निवडणूक जिंकून आलेलं सरकार, तेलाचा पैसा वाटला, मग वस्तूंचे दर बांधून टाकले, जमिनी-कारखाने ताब्यात घेतले, आणि २०१८ पर्यंत पिशवीभर नोटांना किराणा येईना. त्यात न्यायालयं, निवडणूक आयोग सगळं खिशात घातलं. सगळी रोजीरोटी सरकारच्या हातात गेली की सरकारविरुद्ध बोलणाऱ्याचं पोट मारता येतं. मला समाजवादाची भीती वाटते ती याची.

साखरशाळा (कराड)

दोन दिवस सगळे प्रतिसाद वाचले. सगळे मोठे लोक आहात, पण एक माणूस या धाग्यात कुठंच नाही. ऊसतोड मजूर.

मी तोडणी कामगारांच्या मुलांना शिकवते. बीड-जालन्याकडून टोळ्या येतात, दिवाळीनंतर पालं पडतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत जाता येत नाही. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, आणि हिशेबही कोयत्यावरच होतो. बाईचं नाव कुठल्या वहीत नसतं. रात्री दोनला गाडी भरायला उठायचं, अंगावरच्या पोराला उसाच्या पाचटावर निजवायचं. सकाळी माझ्याकडं येणारी सात-आठ वर्षांची मुलगी लहान भावाला कडेवर घेऊन येते, कारण त्याला बघायला पालावर कुणी नसतं. ती अक्षर गिरवते आणि मधेच त्याला थोपटते.

तुम्ही सभासदाला जाब विचारता येतो का म्हणताय. ही माणसं सभासदच नाहीत. सभासद तो, ज्याच्या नावावर जमीन आहे आणि त्या जमिनीत ऊस आहे. कारखाना सहकारी असो की खासगी, यांच्या लेखी फरक शून्य. आणि हळदपेठ म्हणतात तसं दुसऱ्या दुकानातही जाता येत नाही, कारण अंगावर उचल आहे. महामंडळ झालंय, टनामागं १० रुपयांची तरतूद झालीय, वसतिगृहं निघाली. पण सांगली-साताऱ्याच्या सहकाराला तुम्ही समाजवाद म्हणत असाल तर तो बागायतदारांचा आहे. शेतमजुराचा नाही.

येरळाकाठ (विटा)

ताई, तुमचा मुद्दा मान्य, आणि तो बाजूला सारून पुढं जाता येणार नाही.

याच मातीत त्याच्या उलटं झालेलं एक काम सांगतो, कारण मी त्याच्या जवळ राहतो. ऐंशीच्या दशकात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण बांधलं. नदीतल्या वाळूवर हक्क सांगितला, थोडी वाळू विकून पैसा उभा केला, श्रमदान केलं, शासनाशी झगडून परवानगी मिळवली. आणि पाणी वाटताना ठरवलं की पाणी जमिनीच्या मापात द्यायचं नाही, माणसाच्या हिशेबानं द्यायचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन नसेल तर तो दुसऱ्याची वाट्यानं करील, पण पाणी त्याचं. पुढं आटपाडीच्या पाणी परिषदांत समन्यायी वाटपाची मागणी झाली ती याच विचारातून. म्हणजे मालकीचं माप बदलता येतं. जमिनीऐवजी श्रमावर सभासदत्व देता येतं.

स्पेनच्या बास्क भागात माँद्रागॉनला १९५६ पासून हेच चाललंय, कारखान्यात काम करणारा तोच मालक, माणशी एक मत, वरच्या-खालच्या पगारात साधारण सहापटीची मर्यादा. तिथलीही फागोर ही घरगुती उपकरणांची मोठी कंपनी २०१३ ला बुडाली, बाजारात टिकली नाही. पण बऱ्याच कामगारांना त्या समूहातल्या दुसऱ्या सहकारी संस्थांनी सामावून घेतलं. जर्मनीत १९७६ पासून दोन हजारांवर कामगार असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या. मग आपल्या संचालक मंडळात तोडणी कामगारांच्या दोन जागा का नसाव्यात? सहकार कायदा राज्याचा आहे, विधानसभेत बदलता येतो.

हळदपेठ (सांगली)

दोन जागा दिल्या तर त्यावर मुकादमच निवडून येईल. बघा विचार करून. त्यापेक्षा उचलीचा व्यवहार मुकादमाच्या हातातून काढून थेट बँकेत आणा, नवरा आणि बायको दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांवर. करार लेखी करा. मग मजूर टोळी बदलू शकेल, आणि कारखान्यांना मजूर टिकवायला दर वाढवावा लागेल. हार्वेस्टर येतच आहेत, तेव्हा हे लवकर केलेलं बरं. यात सरकारनं नियम करावा याला मी तयार आहे.

साखरशाळा (कराड)

बायकोच्या वेगळ्या खात्याचं तुम्ही म्हणालात, ते आधी करा. जागा नंतर बघू. पण दोन्ही पाहिजेत.

खिल्लार (आटपाडी, नोकरी पुण्यात)

हार्वेस्टरचा मुद्दा वेगळा धागा मागतो. यंत्र आलं की टोळ्या आपल्या गावी राहतील, आणि तिथं त्यांना जे काम लागेल ते पुन्हा रोजगार हमीचंच. म्हणजे फिरून विसापूर.

येरळाकाठदादा, एक व्यवहाराचं विचारतो. वडिलांच्या नावावर एका कारखान्याचा शेअर आहे. अहवाल सभेआधी मिळवायचा तर काय करावं लागतं?

येरळाकाठ (विटा)

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सहकार कायद्याच्या कलम ३२ खाली सभासदाला जमाखर्च आणि सभेची इतिवृत्तं बघायचा हक्क आहे. वडिलांच्या सहीनं साधा अर्ज लिहा, आवक-जावकला देऊन पोच घ्या, नाही दिलं तर सहनिबंधकांकडं. प्रश्न लेखी आधी पाठवा, म्हणजे माइक मिळाला नाही तरी प्रश्नाची लेखी नोंद राहते. तोडणी-वाहतुकीच्या खर्चाची फोड मागा: मुकादमाचं कमिशन किती आणि कोयत्याच्या हातात किती. साखरशाळाताई, तुमच्या भागातल्या कारखान्यांची नावं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तिथले सभासद असलेले आणखी चार-पाचजण इथं आहेत, ऑगस्टमध्ये एकदमच अर्ज टाकू.

हळदपेठ (सांगली)

माझाही एक शेअर आहे. माझा अर्ज धरा.